काळ्या चौकटीतला शिवणवर्ग

...आणि वर मलाच विचारतो, "जुलियानाबाय, तुम्हाला पान आवडलं नाही का?" आवडलं नाही का म्हणे. अरे, ज्या पानावर तू माझा फोटो काळ्या चौकटीत छापलास, ज्या पानामुळे चर्चची घंटा वाजली आणि अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन माझ्याच ओटीवर येऊन बसलं, ते पान मला आवडायचं? तुम्हीच सांगा. मी आवाज चढवणारी बाई नाही. इतकी वर्षं संसार केला, नवऱ्यावर कधी ओरडले नाही, आणि ओरडण्यासारखं त्यानं पुष्कळ केलंय. पण त्या दिवशी छापखान्यात अशी ओरडले की बाहेर टांग्याचं घोडं बिचकलं. आणि गावाचा पेपर काढणारा हा फर्डिनंड शांतपणे शाई पुसत काय म्हणतो? "बाय, पानाला तोल लागतो."

तोल लागतो म्हणे.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच तापलीय. लढाईपासूनचं कापडावरचं कंट्रोल उठलं, दुकानात पुन्हा छिटं दिसायला लागली, तेव्हा मी हातातल्या बांगड्या मोडून शिवणाचं मशीन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काही केलं. म्हटलं, गावातल्या बायकांना शिवण शिकवू. तर आमचे ऑगस्टीन, म्हणजे आमचे हेच, केळीच्या बागेतून आले, मशीनकडे बघितलं आणि म्हणाले, "कोण येणार शिकायला? सुई काय कोणाला धरता येत नाही?" मी म्हटलं, येतील. ते म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत बघू. नाही आल्या तर मशीन विकायचं, धाकटा भाऊ मागतोच आहे." धाकटा भाऊ! त्याला बटण लावता येत नाही, त्याला मशीन हवं.

तेव्हापासून मी विहिरीवर सांगितलं, रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभी राहून सांगितलं, मासळी बाजारात सांगितलं. सगळ्या काय म्हणायच्या? "बघू हां, जुलियानाबाय." सगळं गाव नुसतं बघतंय, आणि मशीनवर धूळ बसतेय. मग मला कुणीतरी सुचवलं, आपल्या साप्ताहिकात जाहिरात दे. आणि मी दिली. माझं मेलीचं डोकं.

आता हे साप्ताहिक म्हणजे काय होतं ते ऐका. फर्डिनंडचा बाप, बेनेडिक्टकाका, तो काढायचा तेव्हा त्याला तोलबिल काही ठाऊक नव्हतं. वरून सुरुवात करायची, जागा संपली की थांबायचं. बातमी मध्येच तुटली तर लोकांना सांगायचा, "बाकीचं मला येऊन विचारा." लोक जाऊन विचारायचे, चहा पिऊन यायचे. पण एक गोष्ट त्याने कधी हलवली नाही. कोणी वारलं की पहिलं पान, खाली उजवा कोपरा, जाड काळी चौकट, आत फोटो. छापखान्यात ती जाड काळी पट्टी तेवढ्याच कामासाठी वेगळी ठेवलेली असायची. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत ज्याला एक अक्षर येत नाही त्यालासुद्धा एवढं वाचता येतं. पेपर आला की आधी तो कोपरा बघायचा, आणि चौकट दिसली की मेणबत्ती शोधायची.

काका थकले आणि फर्डिनंड मुंबईला कुठल्याशा मोठ्या छापखान्यात काम करून परत आला. आला तो तत्त्वं घेऊनच आला. मी जाहिरात द्यायला गेले तर मला उभं करून शिकवायला लागला. "बाय, माणूस पान वाचत नाही. आधी बघतो. नजर वर डावीकडून शिरते आणि उतरत उतरत खाली उजव्या कोपऱ्यात येऊन टेकते. तिथे काही जड नसलं तर नजर घरंगळून पानाबाहेर पडते." मी म्हटलं, बरं. "दोन मथळे शेजारी आले तर भांडतात." मी म्हटलं, जावाजावांसारखे. "आणि मोकळी जागा सोडायची. पानाला श्वास लागतो." श्वास! पानाला श्वास, आणि मला मात्र...

फोटो मी चांगला दिला होता हो, मशीनपाशी बसलेला, हात कापडावर. याने मशीन कापून टाकलं. का? "चेहरा मध्यावर यायला हवा." त्या आठवड्यात वर डावीकडे अर्नाळ्याच्या धक्क्याची बातमी होती, हे एवढ्या जाड मथळ्याची. मग खाली उजवीकडे तेवढंच वजन कुठून आणायचं? आणली बापाची काळी पट्टी, आणि बसवलं मला आत. खाली मजकूर, पण मुंगीच्या पायाएवढा, कारण काय तर जाड चौकटीत बारीक अक्षर खुलतं. आणि मजकूर तरी काय? "सोमवारपासून सुरुवात. जागा थोड्या. इच्छुकांनी लवकर यावे." काळ्या चौकटीत, हां. इच्छुकांनी लवकर यावे.

पानाला तोल लागतो ना.

शनिवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि चर्चची घंटा वाजायला लागली, मरणाची, थांबून थांबून. आमच्याकडे ती वाजली की हातातलं काम ठेवायचं. मी पिठाच्या हाताने क्रूस केला, गुडघे टेकले, आणि अगदी मनापासून म्हटलं, "प्रभू, जो जीव तुझ्याकडे येतोय त्याची चूकभूल पोटात घाल." तुम्हाला सांगते, मी स्वतःसाठी इतक्या कळवळ्याने कधी प्रार्थना केली नव्हती. मग विचार केला, कोण गेलं असेल? मॅग्डलीनमावशीच. महिनाभर अंथरुणाला खिळलीय. सुटली बिचारी. काळी साडी नेसले, मेणबत्ती घेतली आणि मागच्या वाटेने तिच्याकडे निघाले.

जाते तर काय, मॅग्डलीनमावशी खाटेवर उठून बसलीय आणि सून तिचे केस विंचरतेय. मला बघून तिने कंगवाच धरला. म्हणाली, "अगं, तू इकडे कशी? मी तुझ्याकडे यायला निघाले होते." मी म्हटलं, माझ्याकडे कशाला? ती म्हणाली, "तू गेलीस ना." आणि उशाखालचा पेपर काढून माझ्यापुढे धरला. बघितलं. खाली उजवा कोपरा. मी. नजर अगदी बरोबर येऊन टेकली हो, जराही घरंगळली नाही.

घंटा वाजवणारा सेबेस्टियन, त्याने पेपर बघितला आणि दोर धरला. वाचला का? कशाला वाचेल? काळी चौकट कोणी वाचतं का? तिकडे ऑगस्टीन बागेतून धावत घरी आले, तर मी घरात नाही, तव्यावर भाकरी जळतेय. त्यांची खात्रीच पटली. बायकोच्या मागे भाकरी जळाली की खात्री पटते, हेही एक तत्त्वच म्हणायचं.

मी परत आले तर ओटी भरलेली. पुढे कृष्णाबाई, पाचूबंदरची, रोज मला बोंबील देते ती, पाटी बाजूला टाकून रडतेय, "काय हात व्हता बायचा, माझ्या पोरीचा पोलका शिवला तं अंगाला कसा बसला." तेरेसा म्हणतेय, "माझ्या लेकीचा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक, एक टाका वाकडा नाही. आता कोण शिकवणार आपल्याला?" दुसरी म्हणते, "मी जाणारच होते शिकायला, उद्या जाऊ, परवा जाऊ केलं." आणि आमचे हे, कोपऱ्यात मशीनवर हात ठेवून हुंदके देतायत, "हे मशीन मी कोणाला देणार नाही. भावालासुद्धा नाही."

मी कुंपणापाशी उभी राहून ऐकत होते. राग एवढा आला होता की सांगता येत नाही. जिवंतपणी यातलं एक वाक्य कोणी बोललं असतं तर? विहिरीवर "बघू हां", आणि मेल्यावर "काय हात होता"? मी सरळ ओटीवर चढले. कृष्णाबाई ओरडली, "अगो बाय, तू जित्ती? मंग मी सकालपासून कोनासाठी रडते?"

मी म्हटलं, माझ्यासाठीच. रडून झालं असेल तर नावं सांगा. सोमवारपासून वर्ग आहे. आणि जी आत्ता म्हणाली ना जाणारच होते, तिने आधी सांगावं.

काय करतील? तोंडून निघून गेलेलं, तेही मेलेल्या माणसासमोर. सगळ्यांनी नावं सांगितली. कृष्णाबाईनेसुद्धा.

मग मी छापखान्यात गेले, ते ओरडणं तुम्हाला सांगितलंच. सगळं ऐकून घेतल्यावर हा फर्डिनंड काय म्हणतो? "पण बाय, वर्ग भरला ना?" भरला. "मग तत्त्व बरोबरच ना?" मी म्हटलं, जुलियाना जिवंत आहे असं छाप, तेवढ्याच मोठ्या जागेत. छापलं की. आतल्या पानावर, भरती-ओहोटीच्या कोष्टकाखाली. पहिल्या पानावर म्हणे त्या आठवड्यात तोल आधीच झाला होता.

मशीन राहिलं, एवढं मात्र खरं. पावसाळा सरला, दुसरा वर्ग काढायचा ठरला. या खेपेला मी समोर बसून जाहिरात लावून घेतली. फुलापानांची नाजूक चौकट, मशीनसकट फोटो, मोठी अक्षरं. इतकी सुंदर जाहिरात वसईत कोणी बघितली नसेल. खरंच कोणी बघितली नाही. एक बाई आली, ती अंडी विकायला.

तेव्हा आज पुन्हा छापखान्यात जाऊन आले. फर्डिनंडला म्हटलं, काढ बाबा तुझ्या बापाची पट्टी. सेबेस्टियनला सांगून ठेवलंय की घंटा वाजवू नको, आणि ह्यांना सांगितलंय की शनिवारी भाकरी तुम्हीच थापा. फोटो फक्त नवा दिलाय, मागच्या वेळी मेले तेव्हा केस नीट नव्हते.

काय करता? पानाला तोल लागतो.