धरायला दुसरं कुणीतरी

रंगाची डबी घेऊन रांगेत ताटकळलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर पुढच्या म्हाताऱ्या सुताराचं आणि दुकानदाराचं बोलणं पडत होतं.

“काका, सुटे भाग घरी जोडायच्या या छोट्या लाकडी होड्यांमध्ये ही सगळ्यात सोपी. एकट्याला दोन दिवसांत जमेल.”

“चाळीस वर्षं रंधा मारलाय मी. खेळणी नको दाखवूस.”

“मग ही शिडाची घ्या. पण हिच्या पट्ट्या एकाने वाकवून धरायच्या, दुसऱ्याने चिकटवायच्या. एकट्याचं काम नाही.”

“हां, अशीच हवी! परवा लेक येतेय. पूर्वी फळी धरायला तीच असायची.”

“महिना तरी लागेल, काका.”

“आठच दिवस आहे म्हणाली.”

“मग अर्धवट राहील की!”

“राहू दे. काम अर्धं टाकून उठायची खोड नाही तिला... लहानपणी तरी नव्हती.”