रेणू बोलली

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भैयालालजी बिसेन, सत्कारमूर्ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर दीप्तीताई मेश्राम, त्यांच्या जागी येणारे डॉक्टर रत्नपाल गजभिये साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, दवाखान्यातील सिस्टर, आणि माझ्यासारखेच पेशंटच्या उशाशी बसून बसून एकमेकांच्या ओळखीचे झालेले बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना फुलचूरच्या दुर्गेश्वरी पटलेचा नमस्कार.

मी मॅट्रिक शिकलेली, घर सांभाळणारी बाई. घरचा जमाखर्च आणि देवाची पूजा, यापलीकडे माझं जग नाही. बुके आणला नाही, त्याचा राग मानू नये. दोन दिवसांत सुकणाऱ्या वस्तूसाठी माझा हात सुटत नाही. ताईंसाठी घरच्या कुरड्या आणल्या आहेत, त्या वर्षभर टिकतात. हसा, हसा. ताईसुद्धा हसत आहेत. आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं बोलणं हसण्याचं नाही.

माझी मुलगी रेणू तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्या शेजारी तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई, सुमित्राबाई. दोघींना विचारूनच मी उभी राहिले. विहीणबाई तर म्हणाल्या, "सांग. अजून कोणाच्या घरी असंच चालू असंन, तं थांबंन तरी."

माझा जावई ओमेश सडक अर्जुनीहून मोटारसायकलने येत होता. हायवेवर ट्रकने उडवलं. निघताना त्याने आईला फोन केला होता, "माय, जेवण झाकून ठेव, मी येऊन राहिलो." ते ताट झाकलेलंच राहिलं.

त्यानंतर रेणू हळूहळू मिटत गेली. जेवण नाही, बोलणं नाही, वेणी घालणं नाही. औषधं बदलली, पुन्हा बदलली. मी उपास केले, नवस बोलले. एक दिवस तिला विहिरीच्या काठावरून शेजाऱ्यांनी धरून आणलं. तेव्हा दीप्तीताईंनी आम्हा दोघी आयांना समोर बसवून केटामाइनबद्दल सांगितलं. हे भूल देताना वापरतात ते औषध. अगदी थोडं, सलाईनमधून हळूहळू द्यायचं. भूलतज्ज्ञ डॉक्टर जवळ असतील, बीपी बघत राहतील. बाकीची औषधं हरतात तिथे कधी कधी हे चालतं. सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, आणि पडलं तरी पुन्हा द्यावं लागतं. "त्या वेळी तिला तरंगल्यासारखं वाटेल. काहीबाही बोलेल. घाबरू नका," ताई म्हणाल्या.

आम्ही घाबरलो नाही. आम्ही त्याहून वाईट केलं.

आपल्याकडे बाईचे डोळे अर्धवट मिटले, मान डोलू लागली, आवाज बदलला की आपण काय समजतो? आपण विचारतो, कोण आलं? काय पायजे? रेणूला सलाईन लागलं, तिचे डोळे तसे झाले, आणि विहीणबाईंनी पदराच्या गाठीतून लिंबू काढलं. माझ्या देखत त्यांनी विचारलं, "कोण हायेस, बाबू?"

आणि रेणू म्हणाली, "माय, जेवण झाकून ठेव."

मंडळी, तो फोन आला तेव्हा रेणू माहेरी होती, माझ्याजवळ. तिने तो ऐकलाच नव्हता. ताईंनी नंतर समजावलं, "काकू, ते वाक्य विहीणबाई रोज रडून रडून बोलतात. तिच्या कानात ते बसलंय." पटलं मला. दिवसा पटतं. दिवा लावताना पटत नाही.

तिसऱ्या सलाईननंतर रेणू माझ्या घरी जेवायला बसली आणि म्हणाली, "आई, वरणात मीठ जास्त झालं." इतक्या दिवसांत पहिली तक्रार! मी स्वयंपाकघरात जाऊन देवासमोर डोकं टेकलं. ताईंनीही सांगितलं, आता दोन सलाईनमधलं अंतर वाढवू. ते ऐकून विहीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"वाढवायचं काऊन? लवकर लावा."

"आजी, तिला बरं वाटतंय."

"ते बरी झाली तं माझा पोरगा कुठून बोलंन?"

सांगा, अशा आईवर रागवायचं कसं? मी रागावले होते. तिचा गेला म्हणून माझीही जाऊ द्यायची का?

मग कळलं, रेणू सासरी असली की तिथेसुद्धा हेच चालायचं. औषध नाही, सलाईन नाही, आणि विहीणबाई रेणूच्या पलंगावर बसून विचारायच्या, "बाबू, हायेस का?" आणि माझी मुलगी आवाज जाड करून म्हणायची, "हाव माय, हाय मी." मी रेणूला हलवून विचारलं, काय करून राहिली तू? ती शांतपणे म्हणाली, "मी नाही बोलली तं त्या जेवत नाहीत, आई."

तिला हळूहळू परत आणत होतो, आणि ती नवऱ्याला जागा देऊन पुन्हा स्वतः निघून चालली होती.

दीप्तीताईंनी कोणालाच झापलं नाही. खोलीत एकच नातेवाईक बसेल, असं ठरवलं. विहीणबाईंना वेगळं बसवून म्हणाल्या, "आजी, ओमेशशी जे बोलायचं आहे ते माझ्याशी बोला. रेणूच्या तोंडून नको." विहीणबाई दर आठवड्याला येऊ लागल्या. आत काय बोलल्या ते त्या आणि ताई जाणोत. बाहेर आल्या की सिस्टर चहा देत, आणि त्या निमूटपणे पीत.

मागच्या सलाईनला मी आत होते. रेणूची मान कलली, ओठ हलले. या वेळी मीच विचारणार होते, कोण आलं? ताईंनी माझ्या आधी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि हाक मारली, "रेणू." थोडं थांबून पुन्हा, "रेणू, मी इथे आहे." तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, पाय थंड पडले माझे. पांघरूण द्या ना."

दार उघडलं तर विहीणबाई उभ्या. "बोलला का?"

ताई म्हणाल्या, "रेणू बोलली."

"मंग तो कुठं गेला?"

विहीणबाई आत गेल्या आणि सुनेचे पाय पदरात घेऊन चोळत बसल्या.

आज सकाळी याच हॉलच्या पायरीवर त्यांनी मला हळूच विचारलं, "नवे डॉक्टर तेच औषध देतीन ना?" कोणासाठी विचारलं, हे मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

म्हणून गजभिये साहेब, औषध तुम्ही जाणता, त्यात मी बोलणार नाही. एवढंच मागते. माझी मुलगी त्या अंधारातून वर येताना दारात दोन आया असतील. एकीला मुलगी हवी आहे, एकीला मुलगा. आमच्यापैकी कोणीही बोलायच्या आधी तुम्ही तिला हाक मारा. तिचं नाव रेणू आहे.

दीप्तीताई, तुम्ही जिथे जाल तिथे देव तुमच्या पाठीशी राहो. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, याबद्दल आभारी आहे. बोलता बोलता कोणाच्या मनाला लागलं असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर एका आईचं बोलणं समजून पदरात घ्यावं. नमस्कार.