सरांनी काढलेला मासा

हसू नका, पण माझी पीएच.डी. एका माशापायी सुरू व्हायच्या आधीच बुडणार होती.

अनेक भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूला कुठल्या भाषेतला शब्द आधी सापडतो, हा माझा विषय. चाचणी नीट झाली तरच मुंबईहून आलेले सर मला विद्यार्थिनी म्हणून घेणार होते. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकणाऱ्या हमिदामावशी घरी कोकणी, गिऱ्हाइकांशी मराठी आणि व्यापाऱ्यांशी हिंदी बोलायच्या. मी चित्र दाखवायचं, त्यांनी नाव सांगायचं. किती वेळ लागला ते मी स्टॉपवॉचवर मोजायचं. खुर्ची, छत्री, कंदील पटापट झाले. माशाचं चित्र धरलं आणि मावशी ते निरखतच बसल्या.

"मावशी, सांगा ना! कुठल्याही भाषेत!"

"थांब गो. सुरमई म्हणू तर पट्टे नायत. बांगडा म्हणू तर शेपटी अशी नाय."

"नुसतं मासा म्हणा!"

"नुसता मासा कधी असतो? ज्यानं काढलाय त्यानं मासा फक्त ताटात बघितलाय."

चित्रं सरांनीच काढली होती, आणि सर माझ्या मागेच उभे होते.

"ताटातही तुकडाच असतो हो, मावशी," सर हसून म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चूक माझ्या चित्राची, तुझ्या चाचणीची नाही. तुला घेतलं. पण नवा मासा यांना विचारून काढ."

मावशींनी लगेच टोपलीत हात घातला. "मग दोन बांगडे ने गो, समोर ठेवून काढ."