मेली म्हणून सांगितलेली

मेली म्हनून सांगितलं? सयाजीनं सांगितलं, का मधल्या मानसानं? — आवं पावनं, मग आत्ता तुमास्नी पान्याचा तांब्या कुनी आनून दिला? तीच भामा. माझी सून. सयाजीची बायकू. बसा, असं दचकून उठू नगा. फलटणास्नं एवढ्या लांब आलाय, लेकीचा बाप हाय तुमी, नवऱ्या मुलाच्या आईला बगून जावं म्हनून वाट वाकडी केलीत — लय चांगलं केलंत. लोक तर उसाचा फड बगून सुपारी फोडत्यात. आन् आई येगळी का ऱ्हाती, ह्या खोपटात, हे इचारलंत, तर आईकडनंच आयका. ती वैरनीला गेलीया, येस्तवर सांगते.

सयाजी वाईट हाय असं मी म्हननार न्हाई, माझंच पोर हाय. बेचाळीसला चळवळीत गेला, घर सोडलं, उसात ऱ्हायला, तापानं फणफणला तरी हूं न्हाई का चूं न्हाई. पर उसात त्येला भाकरी कोन पोचवत हुतं? डोक्यावर पाटी, वर शेण, खाली भाकरी — कवाकवा भाकरीखाली पिस्तूल बी — आन् ही बया शिपायांच्या समोरनं गवऱ्या थापाय चालल्यागत जायाची. मी म्हनायची, भामे, भ्या वाटत न्हाई? तर म्हनायची, वाटतंय की आत्याबाई, पर पाटी डोक्यावर असली की मान वरच ठिवावी लागती.

त्या दिसांत चळवळीचं पंच गावातच न्याय करायचं. सरकारच्या कोडतात कोन जातंय? गावातल्या एका गड्यानं, धुळानं, बायकू टाकली हुती, पोरीच होत्यात म्हनून. पंचांनी त्येला देवळाम्होरं उभा केला, गावादेखत, आन् इचारलं, नांदवनार का न्हाई? काठी घेऊन बाजूला कोन उभा? — माझा सयाजी. आमी बाया कुडाच्या आडनं बगत हुतो. एकमेकींचं हात धरलं हुतं. मला वाटलं, बाईला बी कोन वाली झाला. माझ्या येळंला असलं पंच कुठलं? सयाजीच्या बानं मला हिरीवर, पानी भरनाऱ्या बायांम्होरं — ऱ्हाऊ द्या. त्ये सांगायचं न्हवतं.

मग पोलीस आलं. सयाजी गावला न्हाई म्हनून हिला न्येली. परत आली ती तिची तीच, चालत. उजव्या हाताची बोटं मोडून वाकडी झालेली — म्हनून तुमाला तांब्या डाव्या हातानं दिला तिनं, राग नगा मानू. तिथं काय झालं ते मी इचारलं न्हाई, ती बी बोलली न्हाई. कोनच्या फडात नवरा हाय, तेवढं मात्र तिच्या तोंडातनं निघालं न्हाई. निघालं असतं तर सयाजी आज नवरदेव व्हायला उरलाच नसता.

आन् त्यो आला — गावातला पोलिसांचा पहारा उठल्यावर — तर उंबऱ्याच्या आत पाय टाकंना. भाईरनंच म्हनला, आई, ठाण्यात राती काढलेली बाई मी घरात कशी ठिवू? लोक काय म्हनतील? ती चुलीम्होरं बसली हुती, डाव्या हातानं पीठ मळीत. तिनं हात धुतला, उठली, आन् परड्यात जाऊन उभी ऱ्हायली. पीठ तसंच ऱ्हायलं परातीत.

मी गेले पंचांकडं. बाईनं जायाची रीत न्हवती, तरी पदर खोचून गेले. म्हनलं, धुळाला जो न्याय, त्योच माझ्या ल्येकाला लावा. समदी खाली बगाय लागली — तिच्याच भाकरी खाल्लेली मानसं ती. एक जन म्हनला, मावशी, सयाजी आपला मानूस, आन् ही घरातली गोष्ट. आदी देश सुटू द्या. मी म्हनलं, मग धुळाची बायकू काय रस्त्यावरची हुती? सयाजी तिथंच बसला हुता. त्या दिसापास्नं त्येनं मला आई म्हनून हाक मारली न्हाई. मी भामीचं बोचकं उचललं आन् दोघी हितं आलो. सुनंसाठी सासूनं घर सोडलं म्हनून गाव हसलं. हसू दे.

देश सुटला. शाळेम्होरं मांडव घातला, सयाजीला हार घातलं. भामी बी गेली हुती, मागं बायकांत उभी ऱ्हायली. तिचं नाव कुनी घेतलं न्हाई. मी वाट बगत बसलेली, रडत यील म्हनून. तर आली आन् म्हनली, आत्याबाई, झेंडा लय झ्याक दिसत हुता. आन् मग दिसभर जेवली न्हाई.

आता कायदा झालाय म्हनं, पहिली जित्ती असताना दुसरी करता येत न्हाई. म्हनून सुगीत सयाजीनं मानसं धाडली — काडीमोड दे. भामी म्हनली, देते की. माझी चूक काय, ते त्येनी चावडीत समद्यांम्होरं सांगावं, लगीच देते. त्यो काय आला न्हाई. काय सांगनार येऊन? तवा आता तिला मारूनच टाकली. तोंडानं मारायला काय लागतंय, पावनं?

पोरीचं नाव काय तुमच्या? शकुंतला. ग्वाड नाव हाय. तिला घरला जाऊन समदं सांगा, आन् तिला इचारा. मला कवा कुनी इचारलं न्हाई, भामीला इचारलं न्हाई. तुमी इचारा. सयाजीची आईच पोराच्या मुळावर उठली म्हनलं कुनी, तर म्हनू द्या.

निघालात? जावा, मोटार गावंल अजून. — आवं, जरा थांबा. सयाजीला बगितलंत न्हवं तुमी? बारीक झालाय का वो? उसातल्या गारठ्यानं त्येला खोकला धरला हुता, छातीला शेकल्याबिगर झोप लागायची न्हाई. शेकतंय का कोन आता — न्हाई, ऱ्हाऊ द्या. नगा सांगू. बांधावर भारा दिसतुया, ती आली. तिच्याम्होरं ह्यातलं काय काढू नगा.

जावा तुमी. जावा.