उभ्या गाडीचा आवाज

—नाही नाही, त्या बाकावर नका बसू, त्याचा एक पाय नुसता नावाला आहे. इकडे या, या खोक्यावर बसा, सावलीपण आहे. आणि घाई करू नका एकनाथभाऊ, वालीवचा तुमचा कारखाना काही पळून जात नाही. किल्ली मिळेल, कागद मिळतील, गाडी मिळेल — पण प्लग बदलल्याशिवाय हिला मी अंगणाबाहेर जाऊ देणार नाही म्हणजे नाही. रेल्वेच्या फाटकात मधोमध बंद पडली तर शिव्या कुणाला घालाल? मला घालाल. म्हणाल, भुईगावच्या त्या बॅप्टिस्टनं मढं गळ्यात मारलं. नको ते. जुनी झाली म्हणून काय झालं, मिलिटरीची विलीज जीप आहे ही, लिलावात घेतली तेव्हा हिच्या अंगावरचा हिरवा रंगसुद्धा गेला नव्हता. दारं-काचा आणि मागे माल भरायचा हौदा मी बांधून घेतला. केळीचे घड, भाजीच्या पाट्या, फुलांचे हारे — या गावाचा निम्मा माल हिनं बाजाराला नेलाय. पिकअप म्हणा, टेम्पो म्हणा, आमच्या घरात हिला नुसतं 'गाडी' म्हणायचे. दुसरी होती कुठे?

हा पाना धरा जरा. आता बघा, तुम्हालाही उपयोगी पडेल. एका वेळी एकच वायर काढायची. एक काढली, प्लग काढला, नवा बसवला, वायर परत लावली — मगच दुसरी. लोक काय करतात, चारही एकदम उपटून ठेवतात, आणि मग कुठली कुठे लावायची यावर भांडत बसतात. गाडी मग अशी खोकते, असे फटाके फोडते की कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. आणि काढण्याआधी फुंकर मारायची — फूऽ — नाहीतर भोवतीची सगळी माती भोकातून आत पडते. लावताना आधी हातानं फिरवायचा, आटे नीट बसले की मग पाना. जोर नाही करायचा. जोर करणाऱ्याचं इथं काम नाही.

काय म्हणालात? डिझेलचं?

अच्छा. म्हणजे हे इंजिन उतरवणार आणि डिझेलचं बसवणार. हो, हल्ली सगळे तेच करतात, परवडतं म्हणे. सौदा जुळवला निकोलसनं, पण हे काही बोलला नाही मला. तुमचा काय दोष, तुमची गाडी, तुम्ही हवं ते बसवा. पण डिझेलला प्लगच नसतात हो! मग मी हे नवेकोरे कशाला बसवतोय? — बसवतोय, बसवतोय. आज तर पेट्रोलवरच जायचंय ना तुम्हाला. आणि डिझेलचा आवाज वेगळा. अगदीच वेगळा. म्हणजे हा आवाज आता आजच्यापुरताच. बरं झालं सांगितलंत.

धरा हा पहिला. काळा? काळा आहे खरा. प्लग म्हणजे इंजिनची जीभ बघा, डॉक्टर कसा जीभ बघून सांगतो. तांबूस-करडा असला म्हणजे तब्येत ठीक. असा काजळी धरलेला असला म्हणजे — कार्बोरेटर जरा जास्त पेट्रोल ओढतो, तेवढंच. स्क्रू पाव फेरा फिरवला की झालं. दुसरा बघू. हाही तसाच. हो, तिसराही तसाच निघणार, चौथाही, तुम्हीही अर्धे मेकॅनिक दिसता. कशाची काजळी म्हणता? फार वेळ उभ्या उभ्या चालू ठेवली की धरते. मंद ठेवून, चोक ओढून. इंजिन तापत नाही नीट, मग सगळी काजळी इथं साठते. बाजाराला जाणाऱ्या गाडीला असं होत नाही, ती लांब पळते, प्लग आपोआप साफ होतात.

निकोलसनं काय सांगितलं तुम्हाला? की गाडी दोन पावसाळे जागची हललेली नाही? खरंच सांगितलं. हललेली नाही. बघा की चाकांखाली, जमीन बसून खळगे पडलेत. पण हलणं वेगळं आणि चालू होणं वेगळं. चालू रोज होत होती. रोज पहाटे.

आता हसू नका. हसा हवं तर. माझी बायको, सालोमी — हो, गेली, मागच्या पावसाळ्यात — तिचं अर्धं अंग गेलं होतं. डावी बाजू. ती बघा, ती खिडकी, पेरूच्या मागची. तिथं तिची खाट. खिडकीतून दिसतं काय, तर पेरू आणि भिंत. गाडी इथं, घराच्या बाजूला, तिला दिसत नसे. पण डोकं शाबूत, जीभ थोडी जड, आणि कान — काय सांगू तुम्हाला — बावखलाच्या पाण्यात नारळ पडला की आवाजावरून सांगायची कुठल्या माडाचा. मुलगा कुवेतला. घरात मी एकटा. मी बाजाराला गेलो आणि ती खाटेवरून पडली तर? एकदा पडलीही होती, मी येईपर्यंत तशीच जमिनीवर. तेव्हा मी ठरवलं, बस झाला बाजार. गावाचा माल निकोलसच्या टेम्पोत जाऊ दे. तर हिनं तोंड मिटलं. म्हणाली, माझ्यापायी गाडी थांबली तर मी पेजेचा घोट घेणार नाही. आणि नाही घेतला हो! मी चमचा धरून उभा, आणि ही भिंतीकडे बघतेय. फादरना बोलावलं, त्यांचंही ऐकेना. हट्ट म्हणजे काय, आमच्या लग्नात तिनं बँडवाल्यांना परत पाठवलं होतं, बेसूर वाजवतात म्हणून.

मग मी काय करणार? म्हटलं, जातो बाई बाजाराला. पहाटे उठलो. रिकाम्या पाट्या हौद्यात टाकल्या, धाड धाड, माल भरल्यासारखं वाटायला हवं ना. 'निघालो गं' म्हणून ओरडलो. गाडी सुरू केली, रेस दिली — घ्रूं — गिअर टाकल्याचा आवाज केला, आणि मग असा, बघा हा पाय, असा हळूऽहळू वर घेत गेलो. कमी, अजून कमी. म्हणजे गाडी चिंचेपाशी गेली, क्रूसापाशी गेली, वळणावर गेली. मग अगदी मंद, जरा वेळ. मग बंद. आणि गाडी इथंच! मी आत बसलेला, काचा खाली करून, कान तिच्या खिडकीकडे. खोकली, ऐकू येत होती. कूस बदलायला धडपडली, तेही ऐकू येई. हाक मारली असती तर दोन उड्यांत आत पोचलो असतो. पण तासभरात तिनं कधीच हाक मारली नाही. मारणार कशी — मी बाजारात होतो ना! मग पुन्हा सगळं उलटं. मंद, मोठी, घ्रूं, दार आपटलं, 'आलो गं.' ती म्हणायची, कोण कोण भेटलं? आणि मी सांगत बसायचो, हा भेटला, तो भेटला, कोळणीचं कुणाशी वाजलं, कुणाच्या वालाला कीड लागली. एवढं मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो. खोटं बोलायला लागलो आणि बोलका झालो. आधी खरोखरचा बाजारातून यायचो तेव्हा हात धुवून नुसता जेवायला बसायचो.

तिसरा द्या. तो नव्हे, नवा. गॅप बघून घेतो. ही पातळ पट्टी मधून जायला हवी, पण अडखळत. सैल नाही, घट्ट नाही. हं.

मजा वाटायची हो मला. खोटं कशाला बोलू, वाटायची. म्हटलं, जमतंय आपल्याला. तिनं पेज घेतली, अंगावर जरा मांसही आलं. पहिल्याच आठवड्यात एकदा म्हणाली, या खिडकीची काच वाजते, डोकं उठतं, कागदाची घडी खोचून द्या. मी म्हटलं वाऱ्यानं वाजत असेल. खोचली घडी. विषय संपला.

मग एका सोमवारी मी बाजारातून — इथून — आत गेलो आणि म्हटलं, आज आलोशियस भेटला. आलोशियस म्हणजे पाट्या विणणारा, पापडीच्या बाजारात बसायचा, आमच्या लग्नातला माणूस. म्हटलं, तुझी चौकशी करत होता. म्हणाली, बरा आहे ना तो? म्हटलं, अगदी ठणठणीत. म्हणाली, त्याला सांगा, मीपण ठणठणीत आहे. मी म्हटलं सांगतो. आणि पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर शेजारची लूर्डस मला विचारते, काका, आलोशियसच्या घरी जाऊन आलात का? मी म्हटलं, कशाला? म्हणाली, कशाला म्हणजे? त्याला मागच्या शनिवारी पुरलं, आठवडा झाला. सालोमीकाकींना मी तेव्हाच सांगितलं होतं.

कळलं ना तुम्हाला? हिला शनिवारीच माहीत. आणि सोमवारी मी त्याला बाजारात भेटून आलो.

नाही, ती काही बोलली नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी पाट्या टाकल्या, घ्रूं केलं, सगळं तसंच. फक्त त्यानंतर कोण भेटलं म्हणून तिनं कधी विचारलं नाही. आलो की नुसती म्हणायची, दमला असाल, बसा. मी बसायचो.

चौथा अवघड जागी आहे. हात भाजतो इथं, नेहमी भाजतो. आज इंजिन थंड आहे म्हणून बरं.

आलोशियसवरून कळलं तिला, ते ठीक. पण त्याच्या आधी? मला एवढंच खातंय बघा. आधीपासूनच कळत होतं का? पहिल्या दिवसापासून? कारण तसं असेल तर — ती तिथं पडलेली, मी इथं बसलेला, मध्ये एक भिंत आणि एक पेरू. तिला माहीत, मी इथं आहे. आणि मी तासन्‌तास या सीटवर नुसता बसून. तिचा हात धरून बसलो असतो हो! काही न बोलता बसलो असतो तरी चाललं असतं. रोजचा एक तास, दोन पावसाळे. आणि मी तो या पत्र्यात बसून घालवला. अजूनही रोज पहाटे सुरू करतो, सवय. लूर्डस म्हणते, काकांचं डोकं फिरलं. फिरलं असेल. घर इतकं गप्प असतं, की काहीतरी सुरू करावं लागतं.

झालं. बोनेट पडू द्या. सरका तिकडे, सेल्फ मारतो. — ऐकलंत? चारही कसे एका तालात मारतायत. बंद करतो.

आता तुम्ही इकडे या, स्टेअरिंगवर. निकोलसला मी आधीच विचारलं होतं, माणसाला स्वतःला चालवता येतं ना? येतं म्हणाला. एक काम करायचंय माझं. गावात कुणाला सांगितलं नाही, काय म्हणून सांगू? तुम्ही परके, तुम्ही जाल निघून. एकट्या माणसाला गाडीतही बसता येत नाही आणि खाटेवरही पडता येत नाही, एका वेळी. मी आत जातो, तिच्या खाटेवर पडतो. मी हाक मारली की सुरू करा. उभ्या उभ्याच. रेस द्या, आणि पाय हळूहळू वर घ्या, मी दाखवला तसा, अगदी मंद होईपर्यंत. मग जरा थांबा. मग खरंच न्या. वळणावरून मागे बघू नका, हॉर्न देऊ नका. नको, पाणी नको मला, मी ठीक आहे. चप्पल इथंच राहू दे.

...

पडलो! करा सुरू!

...

—थांबा. थांबा जरा, आहे तशी ठेवा. इथं काच वाजतेय. कागद कधीच गळून गेलाय. आवाज कमी कमी होतोय, लांब जातोय, आणि काच मात्र तशीच वाजतेय, कानाशी. वारा नाहीये हो आज. पान हलत नाहीये पेरूचं. आणि पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती की —

गाडी जागची हललेली नाही ते कळतं, एकनाथभाऊ. इथं पडलं की लगेच कळतं.

न्या. न्या ती गाडी, न्या इथून.