च्या गरम हुता

ज्ञानदा : मावशी, आधी बसा तरी. आटपाडीपासून एकट्याच आलात?

तानुबाई : बसाय न्हाई आले, ताई. ह्यो आवाज माजाच हाय का न्हाई, तेवढं सांगा. सुनंनं फोनात घालून दिलंय. हितं दाबायचं म्हनली.

(फोनमधून तानुबाईंचा आवाज येतो : "मालक जाऊन म्हैना झाला. आज च्या करून उंबऱ्यात बसले. कुनी हाळी मारली न्हाई. गरम हुता तवर प्याले. चाळीस वरसात पयल्यांदा. लय ग्वाड लागला, ताई." मागे हशा, मग टाळ्या.)

ज्ञानदा : हे तुमच्यापर्यंत कसं आलं?

तानुबाई : म्हंजे माजाच हाय. ही हासनारी मानसं कोन?

ज्ञानदा : इथलीच, सांगलीची. माझं शिबिर होतं. रोजच्या जगण्यातलं चांगलं कसं बघावं, त्याबद्दल कृतज्ञ कसं राहावं, यावर. दोनशे जण होते, त्यांना मी तुमचा हा निरोप ऐकवला. पण मी तुमचं नाव घेतलं नाही, मावशी. गावसुद्धा सांगितलं नाही. कुणीतरी चोरून रेकॉर्ड केलं असणार.

तानुबाई : नाव कशाला पायजे? ह्याच आवाजानं उभा जलम मेंढरं हाकली मी. आख्खी वस्ती वळखती.

ज्ञानदा : वस्तीवर कुणी काही बोललं?

तानुबाई : वस्तीचं सोडा. माजा रविराज तिकडं साताऱ्याला कंपनीत हाय, त्येला कुनीतरी धाडलं. आयतवारी आला. माजी सून माया ताट वाढत हुती, तर तिला बी नगं म्हनला. मला म्हनतोय, "आई, आबा मेल्याचा तुला आनंद झाला व्हय?"

ज्ञानदा : अरे देवा. मग तुम्ही काय म्हणालात?

तानुबाई : काय म्हननार? चुलीत लाकूड सारलं. त्येला आबा खांद्यावर घिऊन जत्रंला न्यायचा. मानूस योकच, पर त्येचा बाप येगळा हुता, ताई, आन माजा मालक येगळा. ह्ये पोराला कसं सांगू? त्ये निस्तं तुमाला सांगितल्यालं.

ज्ञानदा : मावशी, त्या दिवशी तीन बायका माझ्यापाशी येऊन रडल्या. म्हणाल्या, आमच्या मनातलं कुणीतरी बोललं. तुमच्या त्या चार वाक्यांनी...

तानुबाई : त्यास्नी बरं वाटलं, चांगलं झालं. मला इचारलं का न्हाईसा?

ज्ञानदा : गडबडीत राहून गेलं.

तानुबाई : ताई.

ज्ञानदा : तुम्ही नको म्हणाला असता.

तानुबाई : व्हय. म्हनले असते.

ज्ञानदा : ते मला माहीत होतं. म्हणून नाही विचारलं.

तानुबाई : आता खरं बोललासा. आवो, झोप येत न्हवती म्हनून सुनंनं तुमच्या दवाखान्यात आनली मला. तुमी म्हनलासा, गोळ्या नंतर बघू, रोज एक चांगलं बगायचं आन फोनात बोलून मला धाडायचं. मी मनात हासले. आमच्या माळावर बगायचं काय? धोंडं? पर तुमाला सांगायचं म्हनून बगाय लागले. कोकराच्या कानातनं ऊन पार जातंय, कान निखाऱ्यावानी दिसतोय. साठ वरसं मेंढरात काडली, कवा बगितलंच न्हवतं! सकाळी उटले की वाटायचं, कवा दिस वर येतोय आन कवा ताईंना सांगतीया.

ज्ञानदा : मीही वाट बघायचे, मावशी. खरंच.

तानुबाई : आन आता? कायबी बगाय गेले की वाटतंय, दोनशे मानसं माज्या मागं हुबी हायेत.

ज्ञानदा : मी रविराजला फोन करते. सगळी चूक माझी आहे म्हणून सांगते.

तानुबाई : चूक तुमचीच हाय. पर बोलनं माजं हाय, आन त्ये खोटं न्हाई. त्येला मीच सांगीन. आबानं काय काय केलं त्ये न्हाई सांगायची. च्या गरम हुता, तेवढं खरं हाय म्हनीन. मग बोलू दे न्हाईतर नगं बोलू दे.

ज्ञानदा : मी काय करू? काही तरी सांगा.

तानुबाई : तुमच्या फोनातलं माजं समदं काढा. माज्याम्होरं.

ज्ञानदा : पावणेदोनशे निरोप आहेत, मावशी.

तानुबाई : आसूद्यात. यष्टी चारला हाय.

ज्ञानदा : हे घ्या, बघा. जातायत. एक ठेवू? कुंपणावरच्या कोळ्याच्या जाळ्याचा, दव पडलेल्या. तो मी कुणालाच ऐकवला नाही. आई गेली त्या आठवड्यात रोज सकाळी तोच लावून बसायचे मी.

तानुबाई : तुमची आई गेली? कवा?

ज्ञानदा : दिवाळीनंतर.

तानुबाई : मला बोलला न्हाईसा.

ज्ञानदा : नाही.

तानुबाई : मी तुमाला समदं सांगत हुते.

ज्ञानदा : हो.

तानुबाई : त्यो बी काढा.

ज्ञानदा : काढला.

तानुबाई : आन माज्या फोनातलं? त्ये बी ग्येलं का ह्येच्यासंगं?

ज्ञानदा : नाही. तुमच्याकडे सगळं तसंच आहे. तेही काढून देऊ?

तानुबाई : नगं. त्ये माजं हाय.