मायच्या हातचा दगड

बुलडाण्याच्या स्टँडवर पिंपळगाव राजाच्या गाडीसाठी रांग लागली होती. कल्हईवाला युसूफ आपली पेटी घेऊन उभा होता, आणि त्याच्या पुढची बाई आपल्या धाकट्या दिरावर कडाडत होती.

“वैनी, हळू बोला. लोक ऐकून राह्यले.”

“ऐकू दे! माही बहीन त्या घाटात मेली, बाळंतपनात. बाजेवरून दवाखान्यात नेता नेता. मायनं तिथं शेंदूर लावून पयला दगड ठेवला. तवापासून जो जाते तो एक दगड ठेवते.”

“मले माहीत हाय.”

“मंग त्या कॉलेजवाल्यायनं ढिगारा काऊन मोडला?”

“शहरातल्या लोकायले डोंगरात फिराले पायवाट केली. दोन्ही बाजूनं दगड मांडले, चुना मारला.”

“माह्या बहिनीच्या दगडायले चुना!”

“त्यायले काय माहीत?”

“इचारलं असतं तं समजलं असतं! आन् मी मायचा दगड उचलला, तं गार्ड मले पाटी दाखवते. म्हने, जंगलातला दगड उचलनं गुन्हा हाय. राज्य मराठी झालं ना? मंग त्याले माही मराठी काऊन समजत नाई?”

“तिथंच राहू द्याचा होता.”

“काऊन? लोकायले चपला झटकाले?”

गाडी आली. युसूफनं तिची पिशवी वर चढवून दिली, तर त्याच्या बोटांना चुना लागला.

कंडक्टरनं पिशवी पायानं ढकलून पाहिली.

“काय भरलं बाई एवढं जड?”

“पाय काढ पयले! माही बहीन हाय त्यात. फाड तिचं तिकीट!”